आवाज वाढव म्हणणारे आपणच होतो



मी एका कचेरीत कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहितो आणि संध्याकाळी वस्तीच्या जयंती मंडळाचे. 2003 पासून मंडळाच्या खजिनदाराची वही माझ्याकडे आहे. हिशेबात एक पैसाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही, असा मला अभिमान होता. पण त्याच वहीतले एक पान मागच्या वर्षी समोर आले आणि तो अभिमान गळून पडला. ते पान माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचे आहे.

दादा डीजेवाला होता. आमच्या भागातल्या जुन्या लोकांना त्याची गाडी अजून आठवते. सुरुवात झाली 1991 साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या जयंतीला. तेव्हा डीजे हा शब्दही वस्तीत कुणाला ठाऊक नव्हता. हातगाडीवर दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी आणि कॅसेटचा डेक. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी दादाने ओळीने लावून ठेवलेल्या असत. तो एकोणीस वर्षांचा होता, मी बारा. कॅसेट उलटी करून द्यायचे काम माझे. कॅसेट गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, हेही माझेच. त्या दिवशी आमची आई मिरवणुकीत चालत होती आणि बायकांना सांगत होती, "गाणी लावतोय तो माझा मुलगा."

पुढे भोंगे गेले, पेट्या आल्या. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, मग लॅपटॉप आला. 2006 साली पतपेढीचे दोन लाख चाळीस हजारांचे कर्ज काढून आणि वहिनीच्या बांगड्या गहाण टाकून दादाने बेस आणि टॉप घेतले. जयंत्यांचा हंगाम एप्रिल-मे, त्यात लग्ने, मग पावसाळ्यात घरी बसायचे, मग गणपती-नवरात्र. टेम्पोवर मशीनमागे तो सहा-सहा, आठ-आठ तास उभा असायचा. दोन हातांवर टॉप. पुढे नाचणारा पोरगा दमला की बाजूला जाऊन पाणी पितो. डीजेवाल्याला बाजू नसते.

आणि मी काय करत होतो? मी मंडळाचा पदाधिकारी. छातीला बिल्ला लावून टेम्पोपुढे चालत होतो. शेजारच्या वस्तीची गाडी समोर आली की मागे वळून हात वर करून ओरडत होतो, "दादा, आवाज वाढव! आपण कमी पडता कामा नये!" तो वाढवायचा. त्याचे ते कामच होते आणि सांगणारा त्याचा भाऊ होता.

2013 च्या सुमारास दादा म्हणू लागला, "रात्री कानात शिट्टी वाजते रे. कुकरची लांब कुठे वाजावी तशी. थांबतच नाही." आम्ही हसण्यावारी नेले. मग तो फोनवर मोठ्याने बोलू लागला. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहू लागला. वहिनी म्हणाल्या, "यांना हाक मारली तर रागावल्यासारखं बघतात." आम्हाला वाटले, वयाप्रमाणे स्वभाव तापट झाला. खरे म्हणजे त्याला ऐकूच येत नव्हते.

2018 साली सरकारी रुग्णालयात तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवून, कानाला लावून, बारीक-जाड आवाज ऐकवतात आणि कागदावर आलेख काढून देतात. मला आलेख वाचता येतो. रेघ सरळ चालली होती आणि चार हजार हर्ट्झजवळ खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेली होती. डॉक्टरीण बाईंनी आलेख पाहूनच विचारले, "हे कारखान्यात आहेत का, की वाजवण्याच्या धंद्यात?"

त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. कानाच्या आत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. पंच्याऐंशी डेसिबलच्या आवाजात आठ तास काम, ही तज्ज्ञांनी घातलेली मर्यादा. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्क्याण्णवला दोन तास आणि शंभरला फक्त पंधरा मिनिटे. मी बी.कॉम. झालेला माणूस. दादाच्या सत्तावीस वर्षांचा गुणाकार मी त्या बाकावर बसूनच मनात मांडला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

सर्वांत आधी बारीक आवाज जातात. स, श, फ ही अक्षरे, लहान मुलांचे बोल. विहारात त्याची धाकटी मुलगी त्रिसरण म्हणायची, तेव्हा दादाला तिचे ओठ दिसायचे, पण त्यातला "स" ऐकू यायचा नाही. हे त्याने मला पुष्कळ उशिरा सांगितले.

दाखला मिळाला तर काही सवलत मिळेल, म्हणून मी धावपळ केली. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत किमान साठ डेसिबलची घट लागते. दादाची घट बावन्न भरली. म्हणजे धंदा करायला बहिरा आणि दाखल्याला ऐकता. पेन्शनचेही तसेच. अटल पेन्शन योजना 2015 साली आली, श्रमयोगी मानधन योजना 2019 साली. दोन्हींत नाव घालायची वयोमर्यादा चाळीस. दादा पहिल्या वेळी त्रेचाळीस वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी सत्तेचाळीस. आमच्या घरात प्रॉव्हिडंट फंड मला आहे. ज्याने माझी कॉलेजची फी भरली, त्याला नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी जमैकाहून आलेल्या कुटुंबातल्या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर गाणी वाजवली. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे हवेत, म्हणून ती पार्टी होती. तिथूनच हिप-हॉप जन्मले, असे जग मानते. त्या मुलाचे नाव डीजे कूल हर्क. हाच माणूस 2011 साली आजारी पडला तेव्हा त्याच्याकडे आरोग्य विमा नव्हता. चाहत्यांपुढे मदतीची विनंती करावी लागली. 2023 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा गौरव झाला. गौरव झाला याचा आनंद आहे. पण टाळ्या वाजवणाऱ्यांनी विमाही विचारायला हवा होता, हे मी स्वतःलाच सांगतो.

जपानमध्ये सुमिको इवामुरो नावाच्या आजीबाई वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, 2018 साली, क्लबमधल्या सर्वांत वयस्कर व्यावसायिक डीजे म्हणून गिनीज बुकात गेल्या. म्हणजे वय आड येते असे नाही. पण त्यांचे स्वतःचे खानावळीचे दुकान होते, त्यावर पोट चालत होते. आवाजावरच सगळे घर उभे केले की कान गेल्यावर घरही हलते.

आता त्या पानाविषयी.

दादाने 2018 साली पेट्या विकल्या. मागच्या वर्षी घराला रंग काढताना त्याची जुनी वही सापडली. तो सातवी शिकलेला, पण नोंदी चोख. त्यात लिहिले होते: "जयंती मंडळ, 2011, येणे बाकी 7,500." मी घरी येऊन मंडळाची वही उघडली. त्याच वर्षी माझ्याच अक्षरात लिहिले होते: "डीजे भाडे पूर्ण दिले. काही रक्कम समाजकार्यास देणगी." ती देणगी दादाने दिली नव्हती. मीच त्याला म्हणालो होतो, "समाजाचं काम आहे, सोड ना." मंडपवाल्याचे बिल दिले, बॅनरवाल्याचे दिले. सोडायला सांगितले ते भावाला. त्या वर्षी त्याचा पतपेढीचा हप्ता थकला होता, हे वहिनींनी आता सांगितले.

मी पगारातून साडेसात हजार काढून त्याच्या हातात दिले. वाटले, तो नको म्हणेल. त्याने शांतपणे मोजले, वही काढली, "जमा" लिहिले आणि तारीख टाकली. मग म्हणाला, "बरं झालं. मशीनचे सेल आणायचे होते." मशीन म्हणजे कानामागचे श्रवणयंत्र. भिशीच्या पैशातून एकाच कानाचे घेतले होते.

आज दादा त्रेपन्न वर्षांचा आहे. घरातच टेबल टाकून अॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करतो. बोटांना सगळे येते, फक्त बारीक खरखर ऐकू येत नाही. म्हणून मोठी मुलगी कॉलेजातून आली की शेजारी बसते. "बाबा, अजून सूं करतंय," ती सांगते. तो पुन्हा डाग देतो. "आता गेलं," म्हणाली की झाकण बसवतो. त्याने एक जुना अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर ठेवले आहेत. विहारातली वंदना, नामकरण, व्याख्यान, एवढ्याच कामाला नेतो. माईक तपासताना मला शेवटच्या रांगेत उभे करतो आणि विचारतो, "शब्द कळतात का?" आवाज पुरतो का, असे विचारत नाही. शब्द कळतात का, असे विचारतो.

यंदा मंडळाच्या बैठकीत मी तीन ठराव मांडले. वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला कानात घालायचे इअरप्लग मंडळाने द्यायचे आणि दर तासाला माणूस बदलायचा. भाडे त्याच दिवशी, पूर्ण, पावतीसह द्यायचे, देणगी कापायची नाही. आणि आवाज रात्री दहाला बंद करायचा. हा नियम 2000 सालापासून आहेच. तरुण पोरे कुरकुरली. एक जण म्हणाला, "काका, तुमच्या वेळी तुम्ही वाजवलं, आता आम्हाला नियम?" मी काही उत्तर द्यायच्या आत मागून दादाने विचारले, "काय म्हणाला तो?" कुणीतरी त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने तेच वाक्य पुन्हा सांगितले. बैठक गप्प झाली. ठराव पास झाले.

वस्तीवस्तीत असा एखादा दादा आहे. तुमच्या गल्लीतलाही कुणी असेल. त्याला तपासणीला घेऊन जा. मुलगा या धंद्यात असेल आणि वय चाळिसाच्या आत असेल, तर पेन्शनचा अर्ज आजच भरा. आणि मंडळाची जुनी वही एकदा उघडून पाहा. कुणाचे येणे बाकी असेल, तर ते देऊन टाका.

जयभीम.