रोवळीतला पाहुणचार

परक्याच्या हाती अन्न देण्याला मराठीत निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांत गल्लत केलेली आपल्या जुन्या माणसांना मुळीच खपत नसे. निघालेल्या माणसाला बांधून द्यायची ती शिदोरी. आलेला माणूस स्वतःच्या हाताने रांधून खाणार असेल, तर त्याला द्यायचा तो शिधा. आणि शेतात-परसात नवे काही पिकले, की त्यातले मूठ-दोन मुठी आप्तेष्टांकडे धाडायचे, तो वानोळा. मी कॉलेजात मराठी शिकवते, तेव्हा अशा शब्दांचे बारकावे फळ्यावर लिहिण्याचा माझा धंदाच आहे. पण हे तिन्ही शब्द एकाच टोपलीत नांदताना मला दिसले ते मात्र माझ्या काकीच्या माजघरात.

काकीचे घर कुडाळहून पाट-परुळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे तुळशीवृंदावन आणि मागे माडांची राई. मुले मुंबईला गेली आणि घर मोठे झाले. तेव्हा पडवीलगतच्या दोन खोल्या तिने सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या. प्रत्येकीत एक ओटा, ग्यासची शेगडी आणि चार भांडी. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, आणि ज्यांचे कोकणात कोणी नाही अशी माणसेही कोकणात सुट्टी घालवायला येऊ लागली.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पूर्वी गाव टोपलीत बसून मुंबईला जात असे. गणपती किंवा शिमगा आटोपून चाकरमानी परत निघाला, की त्याच्या बोचक्यात सोले, कुळथाचे पीठ, फणसपोळी आणि नारळ कोंबले जात. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांतून आगबोटीने ते मुंबईच्या धक्क्यावर उतरत आणि गिरगाव-परळच्या खोल्यांत आठ दिवस गावाचा वास दरवळत असे. उलट दिशेने यायची ती मनीऑर्डर. आता टोपली गावातच थांबते आणि मुंबई, पुणे, नागपूर तिच्या दाराशी येतात. गावाने आपली ओळख कशी करून द्यायची, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच त्याच्यापुढे उभा राहिला आहे.

मुंबईहून सकाळी सुटणारी मांडवी गाडी कुडाळला पोहोचते तेव्हा दिवस कलायला लागलेला असतो. दिवाळीच्या दिवसांत तर पाहुणे घरी येईतो काळोखच पडतो. मुले पेंगुळलेली, मोठी माणसे आंबलेली. वाडीतले एकुलते दुकान बंद. अशा वेळी ओट्यावर भरलेली रोवळी दिसली, की परके घर अर्धे आपले होते. काकी परडी न घेता रोवळी घेते, कारण रिकामी झाल्यावर पाहुण्यांना तिच्यात तांदूळ धुता येतात. शोभेची वस्तू घरात ठेवायची नाही, हा तिचा बाणा.

रोवळीत काय घालायचे यावरून मात्र घरात एकदा चांगलीच जुंपली होती. माझा चुलतभाऊ मुंबईला कचेरीत हिशेब सांभाळतो. त्याने एक यादी करून आणली: बिस्किटांचे पुडे, शेवचिवड्याच्या पिशव्या, बाटलीतले सरबत. टिकते, स्वस्त पडते, मोजायला सोपे. आणि शेवटी, रोवळीचे पैसे बिलात वेगळे लावावेत अशी सूचना. काकीने यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, "जा म्हमयत गावता, ता हंयसर कित्याक गो?" प्रश्न त्याला होता, पण विचारला मला. जे मुंबईत मिळते ते इथे कशाला, या प्रश्नाला आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते.

तेव्हापासून काकीची पद्धत ठरून गेली. तळाशी त्याच दिवशी कापलेले केळीचे पान. त्यावर आधी गुळाचा खडा, कारण आल्यागेल्याला गूळ-पाणी ही आमच्याकडची रीत. मग चहा, साखर, लिंबे आणि काडेपेटी. दुधाचा तांब्या शेजारी झाकून. "आधी चाय, मगे गजाली," असे ती म्हणते, आणि थकलेल्या माणसाचे शास्त्र याहून निराळे नाही. मग चार माणसांच्या हिशेबाने अर्धा किलो लाल पोहे, डझनभर वेलची केळी, पाव किलो सालीसकट भाजलेले काजू, आल्याच्या गुळात घोळवलेला मालवणी खाजा, कुळथाच्या पिठाची पुडी, आगळाची लहान बाटली आणि दोन नारळ. नारळ सोललेले असतात, पण शेंडी राखलेली. शेंडी काढली की नारळ फार दिवस राहत नाही. काळे वाटाणे ती कोरडे देत नाही. ते रात्रभर भिजावे लागतात, आणि रात्री आलेल्या पाहुण्याने ते केव्हा भिजवायचे? म्हणून भिजवलेलेच वाटीत ठेवते, सकाळी उसळ करायची.

वस्तू दिली आणि वापर सांगितला नाही, तर ती दिल्यासारखी नव्हेच. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. शहरातली सुगरण त्यात सवयीने पुन्हा मीठ घालते आणि सोलकढी समुद्रासारखी होते. म्हणून काकीच्या सांगण्यावरून मी एक चिठ्ठी लिहून दिली आहे: सोलकढीत नारळाचे दूध आधी, आगळ मागाहून, मीठ चाखून मगच. कुळथाची पिठी पाण्यात गुठळ्या मोडून कालवावी आणि फोडणीत ओतल्यावर ढवळत राहावे. माझ्या सगळ्या लेखनात जिची अंमलबजावणी झाली, अशी बहुधा ही एकच चिठ्ठी.

दिवाळीत या रोवळीला खरा बहर येतो. नरकचतुर्दशीला आमच्या भागात चावदिवस म्हणतात. त्या पहाटे अभ्यंगस्नान करून तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याची बी जिभेला लावायची आणि मग घरोघर पोहे खायचे: दुधातले, दह्यातले, गुळाचे, तिखट, नारळाच्या रसातले. नुकतेच भात झोडलेले असते, आणि हे पोहे त्या नव्या भाताचे असतात. भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कांडायचे. नव्या पोह्यांना जो गोडसर वास असतो, तो दुकानातल्या पुड्यात मला अजून भेटलेला नाही. पाहुण्यांच्या पदरी दिवाळीचा खरा वानोळा पडतो तो हा.

चावदिवसाच्या आदल्या दिवशी काकी माणशी एक कारीटही रोवळीत ठेवते. हिरवे, गुळगुळीत, लिंबाएवढे फळ. खाण्याच्या टोपलीत न खायची अशी ही एकच वस्तू, आणि मुलांचा हात नेमका तिच्याकडेच जातो. एका वर्षी पुण्याच्या एका चिमुरड्याने त्याचा कचकन लचका तोडला, आणि त्याच्या रडण्याने सबंध वाडी अभ्यंगाच्या आधीच जागी झाली. तेव्हापासून चिठ्ठीत एक ओळ वाढली: हिरवे फळ पायाने फोडायचे आहे.

या 'आपल्या' रोवळीकडे पाहताना मला एक गंमत वाटते. वेंगुर्ल्याच्या काजूचे नाव आज सर्वत्र झाले आहे. पण काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून या किनाऱ्याला लागलेले. उसळीत पडणारी मिरचीही त्याच काळी समुद्र ओलांडून आली. कोकम तेवढे इथल्या डोंगरउतारांचे अस्सल घरचे. म्हणजे आज यजमान म्हणून मिरवणारे हे जिन्नस एके काळी पाहुणेच होते. भूमीने त्यांना जागा दिली, त्यांनी मुळे धरली आणि आता त्यांच्याशिवाय घर पुरे होत नाही. कोकणी माणसाच्या पाहुणचाराचा याहून जुना दाखला कोणता द्यावा?

राहता राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोलीचे भाडे घेणाऱ्या घराने केलेले स्वागत हे स्वागत की विक्री? माझ्या भावाचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. काजू महाग असतात, आणि चार दिवसांच्या पाहुण्यापायी यजमानाने कर्ज काढावे असे कोणी म्हणणार नाही. काकीने मार्ग काढला तो असा: खोलीचे भाडे पुरेसे घ्यायचे, पण रोवळीचा आकडा बिलात कधी मांडायचा नाही. मात्र पोहे कांडून घेणारी शेजारीण, फणसाचे पापड लाटणाऱ्या बायका, रोवळी विणणारा म्हातारा, या सर्वांचे पैसे माल घरात येताच चुकते करायचे.

शेजारीण पैसे घ्यायला लाजते. "पावण्यांकच तर दितंस मगे," असे म्हणून हात मागे घेते. तेव्हा काकी नोटा तिच्या पदराला बांधते आणि म्हणते, "पावणे माझे, पण हात तुझे दुखतत."

या एका वाक्यापुढे माझी शिधा-शिदोरीची फोड मला फार तोकडी वाटली. आपल्याकडे पाहुणचाराचे गोडवे पुष्कळ गायले जातात, पण पाहुण्याच्या ताटातले अन्न कोणाच्या मनगटांतून आले हे विचारायची पद्धत नाही. घरच्या बाईचे आणि शेजारच्या बाईचे कष्ट पुण्याच्या खात्यावर परस्पर जमा होतात. काकीच्या रोवळीत पाहुण्याला अन्न फुकट मिळते, पण ते कोणाकडून फुकट घेतलेले नसते.

आमच्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ही रीत पाहुण्यांना कोणी सांगत नाही, चिठ्ठीतही ती नाही. तरी गेल्या दिवाळीत नागपूरची मंडळी निघून गेल्यावर ओट्यावर धुऊन पालथी घातलेली रोवळी काकीने उचलली, तेव्हा खाली सहा संत्री होती. काकीने ती दोनदा मोजली, तीन पदरात घेतली आणि शेजारणीच्या अंगणाकडे चालू लागली.