तारेवरचे मिलिमीटर

विभवमापीवर सेलचं विद्युतचालक बल मोजताना विद्यार्थ्याचा सारा जीव डोळ्यांत गोळा होतो. जॉकी तारेवर अलगद टेकवायचा, गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर आला की वाकून पट्टी वाचायची. उत्तर चुकलं तर दोष त्या वाचनाला. प्रयोगशाळेत मुरलेला शिक्षक मात्र आधी तारेला प्रवाह पुरवणाऱ्या बॅटरीकडे पाहतो.

हिशेब करून बघावा. चार मीटर तारेवर 2 व्होल्ट असतील, तर 1.08 व्होल्टचा डॅनियल सेल 216 सेंटिमीटरवर संतुलित होतो. ऱ्हिओस्टॅटने तारेवर 1.2 व्होल्टच ठेवले, की तोच बिंदू 360 सेंटिमीटरवर जातो. तिथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे 0.03 टक्क्यांहूनही कमी. तारेच्या टोकाशी, जोडणीत येणारा जादा रोधही एवढ्या लांबीपुढे किरकोळ ठरतो. पण प्रयोग चालू असताना बॅटरी हजारात एक भाग जरी उतरली, तरी बिंदू 3.6 मिलिमीटर सरकतो. डोळ्यांच्या चुकीच्या साडेतीन पट!

तार कॉन्स्टंटनची असेल आणि तांब्याशी असलेल्या तिच्या सांध्याला बोटाची ऊब लागली, तर अंशामागे साधारण 40 मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. या तारेवर ते जेमतेम 0.13 मिलिमीटर. म्हणजे काळजी कुठे आधी खर्च करायची, हे आकडेच सांगतात.

पोगेनडॉर्फने 1841मध्ये मांडलेल्या या पद्धतीचं मोठेपण असं, की संतुलनाच्या क्षणी सेलमधून प्रवाहच वाहत नाही; त्याचा अंतर्गत रोध आड येत नाही. ही शुद्धता हाताने जपावी लागते. जॉकी तारेवर घासत नेला, तर तार झिजते आणि जाडी कमीजास्त होते. म्हणून तो उचलून ठेवायचा. गॅल्व्हनोमीटरला सुरुवातीला मोठा रोध जोडायचा, आणि बिंदू जवळ आल्यावरच तो काढायचा.

राहिली बॅटरी. प्रवाह स्थिरावेपर्यंत थांबायचं, आणि मग अनोळखी सेलचं वाचन प्रमाण सेलच्या दोन वाचनांच्या मधोमध घ्यायचं. वेस्टनचा कॅडमियम सेल 1911पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण होता. 20 अंश सेल्सिअसला त्याचे 1.0183 व्होल्ट. समजा, त्याचं पहिलं वाचन 339.4 सेंटिमीटर, मग डॅनियलचं 360.6, आणि पुन्हा वेस्टनचं 339.8. सरासरी 339.6 धरली, तर डॅनियल सेल 1.0813 व्होल्टचा निघतो. फक्त पहिल्या वाचनावर विसंबलं असतं, तर 1.0819. तिसऱ्या वाचनाला एखादं मिनिट जास्त लागतं, त्यातून 0.6 मिलिव्होल्टची चूक टळते.