स्टॉप बटणाचा दिवा

पीएलसी, म्हणजे कारखान्यातली मशीनं चालवणारा संगणक, शिकणारा प्रत्येक जण एका जागी हमखास अडकतो, आणि ती जागा अगदी सुरुवातीलाच येते. मोटर चालू करायला हिरवं बटण, बंद करायला लाल. लाल बटण नेहमी एनसी जोडतात, म्हणजे ते दाबलेलं नसताना त्यातून वीज वाहती असते. कारण सरळ आहे. ती तार उद्या उंदरानं कुरतडली किंवा टर्मिनलमधून निसटली, तर मशीन आपणहून थांबलं पाहिजे. उलट जोडणी असेल तर तार तुटल्याचं कळणार कधी, तर कुणाचा तरी हात आत अडकल्यावर. इथवर सगळ्यांना पटतं. मग पोरगा लॅडर, म्हणजे पीएलसीचा शिडीसारखा काढायचा प्रोग्रॅम, लिहायला बसतो, बटण एनसी आहे म्हणून प्रोग्रॅममध्येही एनसी कॉन्टॅक्ट टाकतो, आणि मोटर काही केल्या सुरू होत नाही.

प्रोग्रॅमला बटण दिसतच नाही. इनपुटच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट आहेत की नाहीत, एवढंच त्याला कळतं. बटणाला कुणी हात लावलेला नाही, व्होल्टेज येतंय, म्हणजे इनपुट १. एनसी कॉन्टॅक्ट १ मिळाला की उघडतो आणि वाट तिथेच बंद होते. तिथे एनओ हवा, म्हणजे १ मिळाला की जुळणारा. हे मी शंभर तऱ्हांनी सांगून पाहिलं. मान डोलते, आणि पुढच्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा एनसी. शेवटी व्हिडिओ करताना कॅमेरा थेट इनपुट कार्डावर लावला. बटण मोकळं, कार्डावरचा छोटा हिरवा दिवा पेटलेला. स्क्रूड्रायव्हरनं तार सोडवली, दिवा गेला. तार परत लावली, दिवा आला. त्यावर मी एक अक्षर बोलले नाही. माझ्या सगळ्या व्हिडिओंमध्ये शब्दांनी सर्वांत गरीब असलेला तो तुकडा लोक सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहतात.

शिकवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा असेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन भोसरीच्या एका पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपात लागले. तिथे काम म्हणजे ड्रॉइंग पुढे ठेवून एकेक तार तपासायची, मल्टिमीटर वाजला की पेन्सिलनं टिक. कंटाळवाणं वाटतं, पण वायरमन ड्रॉइंग कसं वाचतो ते तिथे कळलं: तो डोक्यानं नाही, बोटानं वाचतो. मग एसपीएम, म्हणजे एकाच खास कामासाठीची मशीनं, बनवणाऱ्यांकडे गेले, आणि मशीन गिऱ्हाइकाच्या प्लँटमध्ये नेऊन चालू करून देण्यासाठी चाकण, रांजणगाव, वाळूज अशा फेऱ्या सुरू झाल्या. (साइटवर बाईसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधणं हा कमिशनिंगचा अलिखित पहिला टप्पा असतो. त्यावर वेगळा लेख होईल.) त्यानंतर मोठ्या कंपनीत ऑटोमेशन विभाग. पगार वाढला, स्क्रूड्रायव्हर सुटला. कोटेशनांची तुलना, एक्सेल आणि मीटिंगा.

शिकवणं सुरू झालं ते त्या कमिशनिंगच्या दिवसांत. मशीन ताब्यात देताना गिऱ्हाइकाच्या माणसांना ट्रेनिंग द्यायचं असतं. ते ट्रेनिंग म्हणजे बहुतेकदा नाटक. कागदावर ऑपरेटर आणि मेंटेनन्सवाल्यांच्या सह्या झाल्या की बिल निघतं. खरं ट्रेनिंग नंतर, रात्री फोनवर. थर्ड शिफ्टचा फिटर सांगतो, ‘मॅडम, मशीन बंद पडलंय.’ मी घरी अंधारात डोळे मिटून विचारते: सिलिंडर पुढे आहे का मागे? पुढच्या प्रॉक्सीचा (जवळ आलेली वस्तू ओळखणाऱ्या सेन्सरचा) दिवा पेटलाय? सोलेनॉइडवर हात ठेवा, टिक आवाज येतो का? उत्तर मला माहीत असलं तरी सांगून उपयोग नसतो. उत्तर ऐकून तो ते मशीन चालू करेल, पण पुढच्या वेळी फोन पुन्हा येईल. म्हणून त्याला जे दिसतंय, ऐकू येतंय, तेच एकापुढे एक ठेवायला लावायचं. दोन-चार फोननंतर काही फिटर स्वतःच सांगायला लागायचे, ‘मॅडम, पुढचा प्रॉक्सी येत नाहीये, मी गॅप बघतो.’ दुरून शिकवायचं कसब मी या फोनांवर शिकले. ऑनलाइन हा शब्द माझ्या आयुष्यात बऱ्याच नंतर आला.

पुढे नोकरी सोडून व्हिडिओ करू लागले. व्हिडिओत मात्र पलीकडून ‘हॅलो’ येत नाही. हा फरक अंगवळणी पडायला फार वेळ लागला. कारखान्यात मशीन लगेच जबाब देतं: चालतं, अडतं किंवा फ्यूज उडवतं. कॅमेऱ्यापुढे तुम्ही चुकीच्या क्रमानं सांगितलंत तरी काहीच होत नाही. म्हणून आता मी व्हिडिओखालचा आलेख बघते. कुठल्या मिनिटाला लोक सोडून गेले, कुठे मागे येऊन पुन्हा पाहिलं, ते त्यात दिसतं. रेषा एकदम खाली आली की मी तिथे पाल्हाळ लावलेलं असतं. मध्येच उंचवटा दिसला, तर लोकांना ते हवंय पण एका फटक्यात कळलेलं नाही. ४ ते २० मिलिअँपिअरच्या धड्यात असा उंचवटा होता. टाकी निम्मी भरली तर ट्रान्समीटर किती करंट देईल? सगळे म्हणतात १०. उत्तर १२, कारण मोजणी चारपासून सुरू होते. नेमक्या त्याच वाक्यावर मी घाईनं पुढे सरकले होते. तो धडा पुन्हा रेकॉर्ड केला.

कॉलेजात पीएलसीची सुरुवात सीपीयूच्या ब्लॉक डायग्रॅमनं आणि बूलियन बीजगणितानं होते. मला ते कधी पटलं नाही, आणि या यंत्राचा इतिहास माझ्या बाजूनं आहे. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनेलांचा वैताग आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उचकटून नव्यानं करायची. त्यावर डिक मोर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्सनं जे यंत्र बनवलं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. आत संगणकच होता, पण प्रोग्रॅम लिहायचा तो रिलेच्या ड्रॉइंगसारखा, शिडीच्या पायऱ्या काढून. प्लँटमधला इलेक्ट्रिशियन ते ड्रॉइंग आधीपासून वाचत होता, त्याला वेगळं काही शिकायला लावायचं नव्हतं. लोक याकडे इंजिनिअरिंगचा निर्णय म्हणून बघतात. मला तो शिकवण्याचा निर्णय वाटतो, आणि फार शहाणा. १९९३च्या आयईसी ६११३१-३ मानकात लॅडरबरोबर आणखी भाषा आल्या. त्यातली स्ट्रक्चर्ड टेक्स्ट संगणकवाल्यांची लाडकी, आणि मोठ्या हिशेबाला ती सोयीची आहेच. पण रात्री बंद पडलेल्या मशीनपुढे उभ्या असलेल्या वायरमनच्या हातात मी लॅडरच देईन.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा हे व्हिडिओतून शिकवणं शक्य झालं. त्याआधी आयआयटीतल्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची व्याख्यानं होतीच. उत्तम असतात, पण आयटीआय करून कंत्राटावर लागलेल्या मुलाला त्यात दार सापडत नाही. माझी बहुतेक पोरं फोनवर बघतात, बसमध्ये किंवा मेसच्या रांगेत. लॅपटॉपवर ठसठशीत दिसणारी लॅडर फोनवर मुंग्यांची रांग होते. त्यामुळे मी सॉफ्टवेअरच्या खिडक्या कमी दाखवते, मार्करनं मोठ्या कागदावर काढते, आणि कॅमेरा वरून हातांवर ठेवते. रेकॉर्डिंगला पंखा बंद करावा लागतो. शेजारच्या कुकरचं काही करता येत नाही.

आणि प्रोग्रॅम मुद्दाम बिघडवून दाखवते. एकच आउटपुट दोन पायऱ्यांवर लिहिलं तर शेवटची पायरी जिंकते, कारण पीएलसी वरून खाली वाचत येतो आणि आउटपुट सगळ्यात शेवटी पाठवतो. हे सांगून विसरलं जातं. पहिल्या पायरीवर अट पूर्ण झालेली दिसतेय आणि दिवा तरीही पेटत नाही, हे बघून पोरगं बोटं मोडतं, आणि मग ते लक्षात राहतं.

पैशांचं सांगायचं तर जाहिरातींवर माझं घर चालत नाही. मोफत व्हिडिओ लोकांना दारापर्यंत आणतात, घर चालतं ते फी भरून घेतलेल्या बॅचवर. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. कोर्स विकायला ठेवला की थोड्याच दिवसांत तो टेलिग्रामवर फुकट फिरू लागतो. पूर्वी चिडायचे. आता बघते की तिथून शिकलेलाही शंका विचारायला शेवटी बॅचमध्येच येतो. आईला नोकरी सोडल्याचं दुःख नव्हतं, नातेवाइकांना काय सांगायचं ही पंचाईत होती. करोनानंतर तिनं ‘ती घरून काम करते’ असं सांगायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला.

बॅचचा लाइव्ह वर्ग गुरुवारी, कारण भोसरी-पिंपरीकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. एका जुन्या वायरमननं मला ऐकवलं होतं की हातात तार धरल्याशिवाय हे येत नसतं, व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकतं का? त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सिम्युलेटरमध्ये टर्मिनल कधी ढिलं पडत नाही. म्हणून आता बॅचबरोबर एक किट कुरिअरनं जातं: २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, एक रिले, दोन पुश बटणं, एक दिवा. होल्डिंग सर्किट (बटण सोडलं तरी रिले धरून ठेवणारं) स्वतः जोडायचं आणि फोटो पाठवायचा. ते फोटो वाचणं हे नवंच काम झालं आहे. परवा एकानं सगळ्या तारा एकाच रंगाच्या लावल्या, त्याच्या गावच्या दुकानात तेवढाच रंग होता. सर्किट बरोबर होतं, पण मला ते कळायला अर्धा तास गेला. कागदाच्या चिठ्ठ्यांवर नंबर लिहून चिकटव म्हटलं, तर पंख्याच्या वाऱ्यानं उडाल्या. पुढच्या बॅचपासून किटमध्ये तारांवर चढवायच्या नंबरांच्या फेरूलचं पाकीट टाकायचं ठरवलंय. किंमत किती वाढेल ते पुरवठादाराला विचारलं आहे, त्याचं उत्तर अजून यायचंय.