जुनी गाडी आणि चोर्ला घाट

सेकंडहँड मारुती ८०० घ्यायची, तर तिची परीक्षा चोर्ला घाटातच घ्यावी! १९८३ मध्ये आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आज हाती येणारी प्रत्येक गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी. बेळगावहून जांबोटीमार्गे मलप्रभेच्या उगमापाशी, कणकुंबीपर्यंत ७९६ सीसीचे इंजिन निवांत पळते. खरी कसोटी लागते ती गोव्याकडच्या उतारावर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नये; दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे, नाहीतर ब्रेक तापून पकड सुटते. परतीच्या चढावर तापमानाचा काटा पाहावा, क्लच जळल्याचा वास येतो का तेही. मागे मुलेबाळे बसलेली असतात. आपल्याकडचे मेस्त्री सांगतात तेच खरे : ‘निधान होग्री!’