लाटांच्या वाटेने मोरोक्को

आमच्या कोकणी मुस्लिम घरांत समुद्र म्हणजे रोजी. जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा माणूस जहाजावर असायचा. माझे वडील खलाशी होते. मामा होडीसकट गेला तो परत आलाच नाही. म्हणून लाटेवर खेळायला जाणारा माणूस मला वेडाच वाटे. नेमक्या याच वेडाने माझ्या धाकट्याला गाठलं. नोकरीसाठी लंडनला गेला आणि फळीवर उभा राहून लाटेवरून घसरायला शिकला. मागच्या हिवाळ्यात म्हणाला, "अम्मी, मोरोक्कोला चल. किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने फिरू. मी सर्फिंग करीन, तू देश बघ." मी हो म्हटलं, पण मनात त्याच्यावर नजर ठेवायची होती.

सुरुवात एसाउइरापासून केली. तटबंदीचं गाव, बंदरात निळ्या होड्यांची दाटी आणि चोवीस तास वारा. बंदरातल्या मासळीचा वास ओळखीचा, अगदी हर्णैच्या जेटीवर उभं असल्यासारखा. हलाल कुठे मिळेल हे विचारायची गरज नाही. मशिदींचे मिनार मात्र चौकोनी. इथले लोक मालिकी पंथाचे, त्यामुळे बरेच जण नमाजेत हात बांधत नाहीत, सरळ सोडतात. आम्ही शाफई त्याच सफांत उभे राहिलो. कुणी वळूनही पाहिलं नाही.

दक्षिणेकडे निघालो की दुतर्फा अर्गनची काटेरी झाडं लागतात. हे झाड मुख्यतः मोरोक्कोच्या या नैर्ऋत्य भागातच वाढतं. त्याच्या बिया दगडाने फोडून तेल काढायचं काम अमाझिग बायका करतात. त्यांच्या सहकारी संस्था रस्त्यावर जागोजागी आहेत. तेलात बदाम आणि मध वाटून केलेलं 'अमलू' गरम रोटीला लावून खाल्लं. ही चव अजून विसरले नाही.

इम्सुआन हे मच्छीमारांचं लहानसं गाव. २०२४ च्या जानेवारीत किनाऱ्यालगतची बरीच घरं-दुकानं सरकारने पाडली. पण खाडीतली लाट तीच आहे. धाकट्याने समजावलं, "अम्मी, दूर उत्तरेला अटलांटिकमध्ये हिवाळी वादळं होतात. तिथे उठलेल्या लाटा शेकडो मैल चालत येतात, तोवर त्यांच्या सरळ रांगा होतात. इथे डोंगराचं टोक आडवं येतं. लाट त्याला वळसा घालते आणि एका टोकाकडून हळूहळू फुटत जाते." मी वाळूवर तसबीह घेऊन बसले. तो एका लाटेवर उभा राहिला आणि इतका लांब गेला, की माझे दाणे संपत आले तरी पडला नाही.

पुढचा मुक्काम तगाझूत, अगादीरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. जगभरातले सर्फर इथे येतात. त्या सकाळी समुद्र उसळला होता, लाटा खडकांवर आपटत होत्या. धाकटा फळी काखेत घेऊन अर्धा तास नुसता पाहत राहिला. शेजारी जाळं शिवत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याला त्याने हातवारे करून विचारलं. कोळ्याने मान हलवली. धाकट्याने मुकाट्याने फळी परत गाडीच्या टपावर बांधली.

मला तेव्हा पैगंबर (स.) यांची शिकवण आठवली : आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. मी मुलाला बेफिकीर समजत होते. तो तर समुद्राचा अदब राखत होता, माझ्या वडिलांसारखाच. तेही आभाळ पाहिल्याशिवाय पाय बाहेर टाकत नसत.

अगादीरमध्ये किल्ल्यावर चढलो. १९६० च्या फेब्रुवारीत, रमजानच्या एका रात्री झालेल्या भूकंपात हे शहर जमीनदोस्त झालं, हजारो माणसं गेली. खाली दिसतं ते नवं अगादीर.

शेवटी मासाचा किनारा. हजरत उकबा बिन नाफे यांनी मगरिबच्या मोहिमेत अटलांटिकच्या लाटांत घोडा घातला, तो याच बाजूला, असं सांगतात. 'शिकवा'मध्ये इक्बाल यांनी ज्या घोडदौडीचा उल्लेख केला आहे, ती हीच मानली जाते. आणखी एक आख्यायिका आहे : माशाने हजरत यूनुस (अ.) यांना याच किनाऱ्यावर सोडलं. खरं-खोटं अल्लाह जाणे. पण माशाच्या पोटातली ती दुआ आमच्या घरात प्रत्येक संकटात पढली जाते. मामा परतला नाही त्या रात्रीही आजी तीच पढत होती.

असरची वेळ झाली. समुद्राच्याच पाण्याने वुजू केला. आयुष्यात पहिल्यांदा मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले. मामासाठी दुआ मागितली. मागे वळले तर धाकटा माझ्या चपला हातात धरून उभा होता. म्हणाला, "थंड आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "आणखी थोडं थांबते."