जर-तरचा शिक्रा

नवा रायपूर, १ नोव्हेंबर २०२५, शनिवार

छत्तीसगड आज पंचवीस वर्षांचं झालं. नव्या विधानभवनाच्या उद्घाटनाला पंतप्रधान आलेत, वाहतूक वळवली आहे. घरी बसायला याहून सबळ कारण नको. कपाटातून एअरफिक्सचं ग्लॅडिएटर विमानाचं किट काढलं, एकास बहात्तर मापाचं. पण ग्लॅडिएटर करायचा नाही. कधी झालंच नाही ते विमान करायचं आहे: १९३८ सालचं, बेंगळुरूत बांधलेलं, एका वैमानिकाचं दुपंखी लढाऊ विमान. नाव आधीच ठरलंय, शिक्रा.

असल्या मॉडेलला हौशी मंडळी 'व्हॉट-इफ' म्हणतात. त्यात दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला सगळं माफ असतं. पेशव्यांच्या जरीपटक्याचं जेट विमानही चालतं. मी दुसऱ्या पंथाचा. इतिहासातली एकच गोष्ट हलवायची, बाकीचं जागच्या जागी ठेवायचं आणि त्यातून जे निघेल ते मुकाट्याने बांधायचं. आवडलं नाही तरी बांधायचं.

२ नोव्हेंबर, रविवार

कोणती गोष्ट हलवायची? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना पॅसिफिक ओलांडणाऱ्या क्लिपर विमानात विल्यम पॉली भेटला. हा गृहस्थ चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. तसाच कारखाना हिंदुस्थानात काढायचं बोलणं तिथून पुढे सरकलं. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी पाठबळ दिलं, संस्थान भागीदार झालं आणि डिसेंबर १९४० मध्ये बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली.

मी ती भेट चार वर्षं आधी आणतो. पॉली तेव्हाही चीनमध्येच होता आणि हांगचौच्या कारखान्यात कर्टिसची दुपंखी हॉक विमानं जुळवत होता. म्हणजे योग अगदीच अशक्य नाही.

आता आराखडा करणारा माणूस हवा. तो मला शोधावा लागला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे १९३६ मध्ये गॉटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन निघाले, तीही लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली. पंखाच्या पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचं शास्त्र ज्यांनी मांडलं, तेच हे प्रांटल. प्रत्यक्षात बेंगळुरूचा कारखाना निघाला तेव्हा घाटगे तिथे रुजू झाले. माझ्या जर-तरमध्ये ते बोटीतून उतरतात तेव्हा कारखाना त्यांची वाट पाहत उभा असतो.

भांडवल आणि माणूस दोन्ही मराठी मुलखातले निघाले, याचा मला वाजवीपेक्षा जास्त आनंद झाला. रायपुरातल्या मराठी माणसाचं हे जुनंच आहे. भोसल्यांच्या काळापासून आम्ही इथे आहोत आणि कुठल्याही गोष्टीत आपलं माणूस शोधत असतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज त्रिपुरी पौर्णिमा. शहरातली गर्दी खारुनकाठी महादेव घाटाच्या पुन्नी मेळ्याला, आमच्याकडची सेंध तलावावर. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची कसरत होती. नऊ हॉक विमानं तलावावरून अशी काही गेली की शेजारच्या काकूंनी हात जोडले.

मी मात्र घाटग्यांनाच आठवत होतो. हे पथक १९९६ मध्ये सुरू झालं ते किरण विमानांवर, आणि किरण ही घाटगे व त्यांच्या सहकाऱ्यांची करणी. आताची हॉक इंग्रजी आराखड्याची असली तरी परवान्यावर बांधते ती एचएएलच, म्हणजे वालचंदांनी काढलेल्या कंपनीचीच पुढची पिढी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आजच्या तारखेला १९३५ मध्ये, बरोबर नव्वद वर्षांपूर्वी, ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवरून हॉकर हरिकेनचा पहिला नमुना उडाला. एकपंखी, चाकं पोटात घेणारा. म्हणजे माझा शिक्रा जन्माआधीच म्हातारा.

तरीही १९३८ मध्ये तो दुपंखीच असणार. हिंदी हवाई दलाचा कायदा ८ ऑक्टोबर १९३२ ला झाला. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली तुकडी उभी राहिली, चार वेस्टलँड वापिती विमानांवर. वापिती हे लष्कराला टेहळणी आणि बॉम्बफेकीत मदत करणारं दोघांचं विमान. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या दलाकडे लढाऊ विमान एकही नव्हतं. मधली रिकामी जागा ती हीच.

इंजिनाचा निकालही वापितीनेच लावला. तिचं ब्रिस्टल ज्युपिटर हवेने थंड होणारं: नऊ सिलिंडर नाकाभोवती उघडे, पाणी नाही, रेडिएटर नाही. हॉकर हार्टचं केस्ट्रेल देखणं खरं, पण त्याला पाणी लागतं. हिंदुस्थानसाठीच्या हार्टला रेडिएटर मोठा करावा लागला होता. शिवाय ज्युपिटरचे सुटे भाग आणि ते खोलून जोडणारे मिस्त्री कराचीत हजर. नव्या कारखान्याला कुठला शहाणा अधिकारी वेगळं इंजिन मंजूर करील?

त्याची किंमत वेगात मोजावी लागते. ज्युपिटरवर उडणाऱ्या बुलडॉगचा वेग ताशी २८० किलोमीटरच्या आसपास होता. ग्लॅडिएटरचा ४०० च्या. शिक्रा बुलडॉगच्याच पंगतीला बसणार.

९ नोव्हेंबर, रविवार

ग्लॅडिएटरचं नाक कापलं. जुन्या बुलडॉगच्या किटमधलं ज्युपिटर उरलं होतं, ते बसवलं. फट पुट्टीने भरून घासली. वैमानिकावरची सरकती काच काढून कॉकपिट उघडं केलं. बंदुका चाराच्या दोन, पंख्याच्या पात्यांमधून वेळ साधून सुटणाऱ्या. चाकं जाडजूड लावली, कारण वायव्य सरहद्दीवर धावपट्टी म्हणजे गोट्यांचं माळरान.

पंखांवरच्या फासळ्यांशी दुपार गेली. कापड ताणून त्यावर डोपचं रोगण चढवलं की फासळ्या जेमतेम जाणवतात. किटमध्ये त्या दुष्काळातल्या बैलासारख्या वर आलेल्या. या मापात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून जास्त. पॉलिश पेपर, पाणी आणि धीर.

तारांसाठी गोलबाजारातून न दिसणारा नायलॉनचा धागा आणला. दुकानदाराने विचारलं, "साडीचा फॉल लावायचाय का?" हो म्हटलं. दुपंखी विमानाचा पंख उभा राहतो तो या तारांच्या ताणावर, त्यामुळे त्या कुठून कुठे जातात हे समजल्याशिवाय ओवायच्या नाहीत. शोभेच्या तारा मला दुसऱ्याच्या मॉडेलवरही बघवत नाहीत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना सौ. म्हणाली, "अहो, पण तुमचं हे विमान कोणाशी लढणार?"

प्रश्न बिनतोड होता. १९३८ मध्ये सरहद्दीवर शत्रूची विमानं नव्हतीच. दलाची पहिली स्क्वाड्रन वझिरिस्तानात मिरामशाहला जात होती, बंड केलेल्या इपीच्या फकिराच्या टोळ्यांविरुद्ध. म्हणजे शिक्राच्या पंखांखाली छोटे बॉम्ब लागणार आणि ते पडणार डोंगरातल्या पठाणांवर, इंग्रजांच्या हुकमाने. पैसा सोलापूरचा, डोकं कोल्हापूरचं, हात बेंगळुरूचे.

"मग बॉम्ब लावू नका," ती म्हणाली. एकच गोष्ट हलवायची हा नियम मी माझाच केलेला. रात्री बॉम्ब लावले. दोन्ही बाजूंना दोन-दोन.

पंखांवरच्या चकत्यांचंही तसंच. भाच्याला तिरंगी हव्या होत्या. केशरी-पांढरी-हिरवी चकती आपल्या विमानांवर आली १९५० मध्ये. शिक्रावर इंग्रजी लाल-पांढरी-निळीच बसेल. क्रमांक मात्र मजेत मिळाला: उत्पादनाचा खरा आकडा शत्रूला कळू नये म्हणून १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्रज क्रमांकांच्या मालिकेत मध्येच गट रिकामे सोडत. त्यातलाच एक उचलला. नसलेल्या विमानाला नसलेला क्रमांक.

१६ नोव्हेंबर, रविवार

रंग चंदेरी, अॅल्युमिनियम डोपचा. तो जुना दाखवायचा म्हणजे धूळ, एग्झॉस्टचा काजळ-पट्टा, तेलाचे ओघळ. उन्हापावसात उभं राहिलेलं विमान कसं दिसतं याचा नमुना आम्हाला माना विमानतळावर मिळाला. बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं एमडी-८३ ऑगस्ट २०१५ मध्ये इंजिन बिघडून तिथे उतरलं आणि वर्षानुवर्षं उभंच राहिलं. जातायेता खिडकीतून पाहून शिकलो: रंग सगळीकडे सारखा उडत नाही. वरची बाजू फिकटते, मळ सांध्यांत आणि पोटाखाली साचतो. बाजारातल्या तयार 'वेदरिंग'च्या बाटल्यांना हे कळत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वालचंदांचा जन्मदिवस, १८८२ चा. विमान झालं. पंखाची लांबी तळहाताएवढी, थोडं बोजड, नाकाडं. खरं वाटतं, कारण त्याची एकही गोष्ट सोयीची नाही.

फळीवर दोन पट्ट्या लावल्या. एकीवर शिक्राचं खोटं चरित्र. दुसरीवर खरं: कारखान्यातून १९४१ मध्ये पहिलं विमान बाहेर आलं ते हार्लो जातीचं, शिकाऊ वैमानिकांसाठी. जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे पहिलं लढाऊ विमान उडालं. त्याआधीच त्या वर्षी सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला होता. हॉक मोजकीच झाली, मग कारखाना अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. घाटग्यांचं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान उडायला ऑगस्ट १९५१ उजाडला.

शिक्रा बघायला कोणीही या, चहा मिळेल. पण बेंगळुरूला गेलात तर एचएएलचं संग्रहालय आधी बघा. घाटग्यांची खरी विमानं तिथे आहेत.