तोंडाचा पत्रा कुणी काढला?



खळ्यावर दादरची कणसे येऊन पडली, थ्रेशरचा घुमारा सुरू झाला, की मला हटकून एक हात आठवतो. खते-बियाण्यांवर तुमच्याशी पुष्कळ बोललो. आज त्या हाताविषयी बोलतो.

1999 चा मार्च. शिंदखेडा तालुक्यात मी नवा होतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाची पदवी गाठीशी, आणि विचारेल त्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर असलेच पाहिजे, असा भ्रम. एका गावी भाड्याच्या थ्रेशरवर मजुराचा उजवा हात ड्रममध्ये गेला. तीन बोटे गेली. मी पोहोचलो तेव्हा त्याला धुळ्याला नेले होते. खळ्यावर त्याची बायको बसली होती, आणि यंत्र पुन्हा चालू झाले होते. पाऊस येईल, मळणी थांबवता येत नाही, असे मालक म्हणाले. तेही खोटे नव्हते.

यंत्राच्या तोंडाला कणसे सारायचा जो लांब, वरून झाकलेला पत्रा असतो, तो काढून टाकलेला होता. वीतभर तुकडा तेवढा उरलेला. लांब पत्र्याने काम सावकाश होते, म्हणून. तो 90 सेंटिमीटर लांब आणि त्यातला 45 सेंटिमीटर झाकलेला असावा, हे प्रमाण 1979 च्या भारतीय मानकात ठरले आहे, ते अशासाठी की माणसाचा हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये. मळणी यंत्रांवर हात गमावणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून 1983 मध्ये केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदाही केला. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. तरी माझ्या टिपणात मी काय लिहिले? ‘मजुराचा निष्काळजीपणा.’

पंधरवड्याने ती बाई पंचायत समितीत आली. सोबत नवरा, हाताला पांढरे गाठोडे. म्हणाला, “मना हात गया भाऊसाहेब. काही भेटी का?” मी विचारले, सातबारा आहे का? नव्हता. मग काही नाही, असे सांगितले, चहा पाजला आणि एसटीच्या भाड्याला पैसे दिले. माणुसकी केली असे मला त्या दिवशी वाटले होते.

चार वर्षांनी एका प्रशिक्षणात कामगार खात्याच्या एका गृहस्थांनी 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा समजावून सांगितला. त्याच्या यादीत ट्रॅक्टरने किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या यंत्राने होणारे शेतीकाम स्पष्ट लिहिलेले आहे. सातबारा मजुराला लागत नाही. आणि नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचे कारण नाही. मजूर दारू पिऊन असेल, किंवा त्याने स्वतःहून मुद्दाम संरक्षक भाग काढला असेल, तर गोष्ट वेगळी. म्हणजे खरा प्रश्न एवढाच होता: पत्रा कुणी काढला? तो मी विचारलाच नव्हता. दाव्याची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण तोवर ते यंत्र भंगारात गेले होते, आणि मालकही वारले होते.

आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. हिशेबाची रीत तीच. समजा, 35 वर्षांचा मजूर, महिना 10,000 रुपये मजुरी. तिचे 60 टक्के म्हणजे 6,000. त्याला त्या वयाच्या 197.06 या आकड्याने गुणायचे. एका हाताची तीन बोटे गेली तर त्याचे 30 टक्के. कागदावर मांडून पाहा, 3,54,708 रुपये होतात. मी त्या माणसाला एसटीचे भाडे दिले होते.

मालक वाचकहो, रागावू नका. तुमच्याकडेही अर्धीच जमीन आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज असते, हे मला ठाऊक आहे. यंत्र भाड्याचे असले की यंत्रवाला मालकाकडे बोट दाखवतो, मालक यंत्रवाल्याकडे. म्हणून भाडे ठरवतानाच पत्रा आहे का, पट्ट्यावर जाळी आहे का, विमा आहे का, हे विचारा. नसेल तर यंत्र परत पाठवा. तुमच्या स्वतःच्या हाताचेही तेच. 2023 पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. एक हात किंवा एक डोळा निकामी झाला तर एक लाख, दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर दोन लाख. खातेदार आणि घरातला आणखी एक जण, वय 10 ते 75. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांत. भूमिहीन मजूर यात बसत नाही, हे मला खटकते.

आणि नवे घेतलेले यंत्रच सदोष निघाले तर? चोपडा तालुक्यात कडबा कुट्टीचे पाते निसटून एका शेतकऱ्याच्या मनगटाला लागले. दुकानदार म्हणाला, यंत्र पाठवा, फुकट दुरुस्त करून देतो. तो टेम्पोत चढवायलाच निघाला होता! मी म्हटले, दादा, थांबा. तोच तुमचा साक्षीदार. 2019 च्या ग्राहक कायद्याने सदोष मालामुळे झालेल्या इजेबद्दल बनवणारा आणि विकणारा यांच्यावर दावा करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत. यंत्राची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. आम्ही नावाच्या पट्टीचा, तुटलेल्या बोल्टचा फोटो काढला, बिल शोधले (ते देव्हाऱ्यामागे निघाले), दवाखान्याचे कागद लावले. प्रकरण चालू आहे. यंत्र गोठ्यात गोणपाटाखाली तसेच ठेवले आहे.

शिंदखेड्याचा तो माणूस मला दोंडाईच्याच्या बाजारात भेटतो. मिरचीची पोती डाव्या हाताने ओढतो. मी सगळे त्याला सांगितले, माझी चूकसुद्धा. ऐकून घेतले त्याने. मग विचारले, धाकटा मुलगा यंदा थ्रेशरवर जातो, त्याला काय सांगू? त्याच संध्याकाळी मी त्या खळ्यावर गेलो. पत्रा होता, पण वरचे झाकण कापलेले होते. ते वेल्डिंग करून घेईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो.